तिची खळी, माझं अक्षर

३ सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्या काल गेल्या. घर एकदम मोकळं वाटतंय. हळदीकुंकवाला अर्धी आष्टी येऊन गेली आणि त्यातल्या निम्म्या बायकांनी ऋतूची हनुवटी धरून एकच वाक्य म्हटलं. "हुबेहूब मंगल गं! आईचंच तोंड घेऊन आली." मी शेजारी कुंकवाची वाटी घेऊन उभी. एकीलाही वाटलं नाही की हिच्या देखत बोलू नये. सगळ्यांना हसून फराळ दिला. चिवडा तिखट झालाय म्हणाल्या, तेवढंच समाधान.

मंगल म्हणजे यांची पहिली. ऋतू दोन वर्षांची असताना तापानं गेली. वर्षभरानं मी आले. दात घासायला मी शिकवलं, पाढे मी, सायकल मी. रात्र रात्र कडेवर घेऊन फिरले. आता सातवीत आहे, माझ्याच वर्गात. मला 'मम्मी' म्हणते. फोटोतल्या बाईला 'आई'.

आणि लोकांना दिसते काय, तर हनुवटीवरची खळी.

४ सप्टें., गुरु.

सातवीला नवा पाठ काढला. आनुवंशिक आणि संपादित लक्षणं. शब्द जड वाटले म्हणून फळ्यावर 'आलेलं' आणि 'कमावलेलं' असं लिहिलं. मग पोरं सुटलीच. गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो, वासराच्या कानात जन्मतः येत नाही, म्हणून कमावलेलं. आई, आजी, पणजी सगळ्यांचे कान टोचलेले, तरी बाळ बिनभोकाचंच होतं. हे एका पोरीनं स्वतःहून सांगितलं. फार बरं वाटलं. कुरळे केस आलेले. पोहणं कमावलेलं. मग भाषा कशात, यावर पाच मिनिटं भांडण. मातृभाषा म्हणजे आईकडून आलेलीच की, असं एकाचं म्हणणं. ऋ. उभी राहून म्हणाली, "तसं न्हाई. ज्याच्याजवळ वाढलो त्याची भाषा येते." मी मनात टाळ्या वाजवल्या.

तिथंच थांबायला हवं होतं. पण मला हौस. जिभेची दोन्ही टोकं वर वळवून नळी करायला सांगितली. सगळा वर्ग जीभ बाहेर काढून बसलेला आणि नेमके मु.अ. दारात. असो. ऋ.ची सुरेख नळी झाली. सानिया शेखची नाही झाली, फार खट्टू झाली पोरगी. मी सांगितलं, हे आईवडिलांकडून येतं. असलं तर असतं, नसलं तर नसतं.

"मॅडम, तुमची होते का?" ऋ.

नाही म्हटलं.

"मंग आईची होत असंल."

भर वर्गात. तिनं सहज म्हटलं, हे मला कळतं. तरी पुढचा अर्धा तास मी काय शिकवलं देव जाणे.

८ सप्टें., सोम.

सानिया शाळा भरायच्या आधीच स्टाफरूमच्या दारात. "मॅडम, देखो!" आणि जिभेची नळी. पक्की. चार दिवस आरशासमोर बसली होती म्हणे. "आमच्या घरात कुणालाच येत न्हाई मॅडम. अब्बाला न्हाई, अम्मीला न्हाई. म्या शिकले."

वाचून पाहिलं. पोरगी बरोबर आहे. पूर्वी समजायचे तितकं ते सरळ नाही, काहींना सरावानं जमतं. तासाला वर्गात कबूल केलं की माझं चुकलं. चुकल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. सानियाला पुढं बोलावून पाठ थोपटली. सतरा तारखेच्या मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण तिलाच दिलं. आवाज खणखणीत आहे.

ऋ.ला पण हवं होतं ते भाषण. घरी येऊन विचारलं तिनं. म्हटलं, लोक म्हणतील मॅडमनी स्वतःच्या पोरीला पुढं केलं.

म्हणतील का पण? ती माझी पोरगी आहे, हे त्यांना एरवी आठवत तरी कुठं.

९ सप्टें., मंगळ.

सकाळी न्हाणीतल्या आरशासमोर जिभेचा सराव. हे मागं येऊन उभे.

"काय करून राह्यली तू?"

"काही न्हाई. जीभ बघते. पांढरी वाटती."

"मंग दवाखान्यात दाखव. आरसा काय औषध देतो व्हय?"

न राहवून सगळं सांगितलं. खळी, बायका, नळी, 'आईची होत असंल'. यांनी शांतपणे ऐकलं आणि मला धीर द्यायला म्हणून मोसंबीच्या बागेवर आले. म्हणे, "हे बघ, कलम करताना डोळा मोसंबीचा भरतो आपण, खुंट जंबेरीचा असतो. फळ मोसंबीचंच लागतं. पण जमिनीतून पाणी कोण ओढून देतं? खुंटच ना?"

"म्हणजे मी जंबेरी."

"तसं न्हाई गं..."

"जी कुणी तोंडात घालत न्हाई, ती."

डबा न घेताच शेतात गेले. दुपारी गड्याच्या हाती पाठवला. लोणचं ठेवलं नाही मुद्दाम.

११ सप्टें., गुरु.

सानिया संध्याकाळी घरी येते भाषणाच्या तयारीला. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. कुठं थांबायचं, कुठं वर बघायचं, सगळं टिपते. तिला काठापदराची साडी हवी म्हणाली, तिच्या अम्मीकडं सलवार-कमीजच. माझी हिरवी देईन.

ऋ. आत अभ्यास करते म्हणून बसलेली असते. पुस्तक मात्र दोन दिवस त्याच पानावर. डोकं दुखतं म्हणते. चष्म्याचं बघायला हवं. तो पण आईकडूनच असणार.

मला एक वाईट सवय लागली आहे. ऋ.मध्ये माझं काय काय आहे ते शोधत बसते. अक्षर माझं, अगदी 'ळ'च्या शेपटीसकट. गणित अडलं की ओढणीचं टोक तोंडात, तेही माझं. भाकरी थापताना उजवा खांदा वर. चहा बशीत ओतून आधी वास घेते. मोजायला बसलं की माझी बाजू भरते. पण यातलं काहीच हळदीकुंकवाला आलेल्या बाईला दिसत नाही. अक्षर काय हनुवटीवर असतं?

१४ सप्टें., रवि.

उद्या अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान. म्हणजे या घरात मंगलचं. दरवर्षी मीच करते, दुसरं कोण करणार? वडे, कढी, खीर, भोपळ्याची भाजी. डाळ भिजत घातली.

दुसरेपणाची म्हणून गळ्यात मंगळसूत्राशेजारी मंगलच्या नावाचा चांदीचा टाक आहे, नखाएवढी प्रतिमा. नवी साडी घेतली की आधी टाकाला दाखवायची, मग आपण नेसायची. लग्नात सासूबाईंनी घालताना सांगितलं होतं, हिला बहीण समज. प्रयत्न करते. बहिणींचं पण कुठं पटतं म्हणा.

यंदा सवाष्ण म्हणून शोभाताई येणार आहेत. मंगलची थोरली बहीण. जालन्याला असतात, मिस्टर बँकेत. स्वतःच फोन करून म्हणाल्या, मीच येते जेवायला. नाही कसं म्हणणार.

१५ सप्टें., सोम.

नीट क्रमानं लिहिते, म्हणजे डोकं शांत होईल.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शो.ताई अकराला आल्या. ऋ.ला पण घरी ठेवलेलं. दारातच दोघी एकमेकींना बिलगल्या आणि मला एकाच बाईचे दोन वयातले फोटो शेजारी ठेवल्यासारखं दिसलं. तेच केस, तीच खळी, हसताना तोच एक डोळा बारीक. ताईंनी ऋ.ची वेणी सोडून पुन्हा घातली. "आमचे केस असेच, कंगवा वरून न्हाई, खालून लावायचा." नऊ वर्षं मी वरून लावतेय. एकदाही कुणी सांगितलं नाही.

पहिलं पान मंगलला दाखवलं, मग ताईंना वाढलं. जेवण छान झालं. ताई पण म्हणाल्या. ओटी भरली, साडी दिली.

हात धुवायला दोघी अंगणात गेल्या. चार दिवसांनी ऊन पडलं होतं. वर बघितलं आणि दोघींना एकदम शिंका. दोन-दोन. ताई हसत सुटल्या. "अगं बाई! मंगलला पण असंच व्हायचं. ऊन लागलं की दोन शिंका!" हे पण हसले. हो हो म्हणाले, लग्नात मांडवातून बाहेर आली तशी शिंकली होती. मी यांना असं हसताना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. त्या हसण्यात मी कुठंच नव्हते. मला उन्हात शिंक येत नाही. घाम येतो.

मग पान-सुपारी खाताना ताईंनी विषय काढला. "आमचा संकेत पुण्याला शिकायला गेला, त्याची वरची खोली रिकामीच आहे. ऋतूला द्या माझ्याकडं. शाळा जूनपासून बदलू, पण दिवाळीच्या सुट्टीतच येऊन राहू दे, सवय होईल. जालन्यात क्लास आहेत, सगळं आहे. सुनंदा, तुझी काही तक्रार न्हाई हं. लेकीसारखं केलंस. पण शेवटी आमचं रक्त आहे."

लेकीसारखं.

हे माझ्याकडं बघायला लागले. मी ऋ.कडं. मला वाटलं, आता म्हणेल, मम्मीला विचारते.

"मी जाईन," ऋ. म्हणाली. लगेच. विचार करायलाही थांबली नाही.

मी म्हटलं, बरं. आणि खरकटी उचलली.

१६ सप्टें., मंगळ.

काही बोलले नाही. तिनं पण नाही. वरणाला फोडणी देताना पातेलं जरा जोरात आदळलं असेल. हे म्हणाले, "जालना काय अमेरिका हाय का? एसटीनं दीड तास." यांना काय कळतंय.

रक्त रक्त करतात. रक्ताला रात्री तीनला उलटी काढायला लावा म्हणावं.

शाळेत सानियाची शेवटची तालीम. उत्तम.

१७ सप्टें., बुध.

झेंडावंदन साडेसातला. सकाळी सहाला सानिया घरी आली, तिच्या दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या, माझी हिरवी साडी नेसवली. पदराला चार पिना. ऋ. उंबऱ्यात उभी राहून बघत होती. म्हटलं, ये, तुझी पण वेणी घालते. "माझी मला येते." खालून कंगवा लावत होती.

भाषण झकास झालं. सरपंचांनी बक्षीस दिलं. सानियानं माईकवर सांगितलं, हे सगळं मॅडममुळं. ग्राउंडवर टाळ्या. ऋ. रांगेत दुसरी उभी होती, हात मागं बांधलेले. शेवटपर्यंत सोडले नाहीत.

घरी आल्यावर मला म्हणाली, "मॅडम, गणवेश धुवायला टाकू का?"

घरात. मॅडम.

ठरलंच आहे तिचं. जालन्याला जायच्या आधीच मनानं गेली. तिकडं आपली माणसं भेटली की इकडं मॅडमच उरणार. रडू आलं. न्हाणीत नळ सोडून रडले.

२० सप्टें., शनि.

दुपारी शोभाताईंचा फोन. वाटलं, सामानाचं बोलतील.

"सुनंदा, सानिया कोण गं?"

माझ्या वर्गातली, म्हटलं.

"ऋतूचा फोन आल्ता काल. अर्धा तास बोलत होती. मम्मीला सानियाच आवडते म्हणे. तिला सगळं पटकन येतं. मम्मीनं तिच्या वेण्या घातल्या, स्वतःची साडी दिली, भाषण पण तिलाच. मला म्हणे, मावशी, मी तिकडं आले की माझी खोली तिलाच देऊन टाका म्हणावं. एवढीशी पोर आणि एवढा जळफळाट! मला तर नवलच वाटलं बाई. मंगल कशाचंच मनाला लावून घ्यायची न्हाई. मी पण न्हाई. आमच्या घरात असं कुढणारं कुणीच न्हाई. हे कुठून आलं हिच्यात?"

बघते ताई, म्हणून फोन ठेवला.

आणि मला हसू फुटलं. एकटीच, स्वयंपाकघरात उभी राहून. कुठून आलं विचारतात! वेणी दुसऱ्या पोरीची घातली म्हणून आपण उंबऱ्यात उभं राहून बघायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. पोटात आग पडली तरी वर 'बरं'. भांडण करायचं नाही, माणसाला 'मॅडम' करून टाकायचं. हे काय हवेतून आलं? नऊ वर्षं रोज बघितलंय तिनं. इतकं नीट, इतकं मन लावून माझं दुसरं काही उचललं नसेल. अक्षरसुद्धा नाही. माझी आहे पोरगी. नखशिखांत माझी आहे.

हा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. दिवा लावताना एकदम कसंतरीच झालं. सात-आठ दिवस ती एकटी आत बसून तेच भोगत होती, जे मी बाहेर भोगत होते. आणि मी चष्म्याचा विचार करत होते.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री

खरं लिहायचं तर सानिया नुसती हुशार म्हणून नाही. ऋ. बघत असली की मी सानियाचं जरा जास्तच कौतुक करायचे. 'आईची होत असंल मंग', त्याचा राग. बारा वर्षांच्या पोरीवर काढला. शिक्षिका म्हणे.

यांना सांगितलं. म्हणाले, "मंग बोल की तिच्याशी."

बोलणं काय मोसंबीला पाणी देणं आहे? बटण दाबलं की सुरू.

२३ सप्टें., मंगळ.

शाळेला पावसाची सुट्टी. रात्रभर ओतला. हे सोयाबीन बघायला गेलेत, बघण्यासारखं काही राहिलं असेल तर.

ऋ. खोलीत पुस्तकांचे दोन ढीग करत होती. न्यायचे, ठेवायचे. दिवाळीला अजून महिना आहे, तरी बॅग काढून ठेवलेली. मी दारात जरा वेळ उभी राहिले.

"सानिया येणारे का आज?" माझ्याकडं न बघता.

"तिकडचा रस्ता बंद आहे."

"अरेरे."

तो 'अरेरे' ऐकून मी आत जाऊन खाली बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं, "मला शोभामावशीचा राग येतो."

हात थांबला तिचा. "का?"

"त्या तुझ्यासारख्या दिसतात."

"मी त्यांच्यासारखी दिसते. त्या आधी जन्मल्या." मास्तरणीची पोर.

"तेच ते."

"अजून?"

"त्यांनी कंगवा लावला की तुझ्या केसात गुंता लागत नाही."

"अजून?"

"दोघी मिळून शिंकता."

हसली. मग पाय दुमडून समोर बसली, ओढणीचं टोक तोंडात. "अजून सांग ना." मला 'तू' म्हणाली, मॅडम नाही. मी सांगत गेले. हळदीकुंकवाच्या बायका सांगितल्या. मांडवातली शिंक सांगितली, हे कसे हसले ते. जिभेचा सराव पण सांगितला. करून दाखव म्हणाली, करून दाखवला, नाहीच झाली. यातलं काही मी कधी कुणाजवळ बोललेले नाही, बहिणीजवळ पण नाही. ती गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती. मध्येच फोटोकडं बघितलं तिनं.

"आईचा पण येतो?"

खोटं बोलता आलं असतं. ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती.

"येतो," म्हटलं.

तिनं ढिगातलं एक पुस्तक उचललं, पुन्हा तिथंच ठेवलं. मला वाटलं, संपलं, आता ही खरंच जाते.

"मला सानियाचा येतो," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"लय येतो. ती हसली तरी येतो. तिनं काहीच केलं न्हाई ना मम्मी, तरी येतो."

"मला माहीत आहे कसा येतो ते."

"मोठं झाल्यावर जातो का गं?"

वर्गात असते तर काहीतरी उत्तर दिलं असतं. कमावलेलं आहे, प्रयत्न केला तर सुटतं, असं काहीतरी.

"माझा अजून गेला नाही," म्हटलं.

ती सरकून जवळ आली, टेकली नाही, नुसती जवळ बसली. जालन्याचं विचारलं नाही मी. तिनंही काही सांगितलं नाही. बॅग तशीच उघडी होती, अर्धी भरलेली. तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला, वर शोभाताईंचं नाव. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. आम्ही दोघी बसून बघत होतो.